पांडव तिसऱ्या लेण्यात सापडतील
(त्रिरश्मी लेण्यांवर सहल नेणाऱ्या शिक्षकांना खुले पत्र)

प्रति,
नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या शाळांचे सहलप्रमुख, इतिहासाचे, भाषेचे आणि हो, गणिताचेसुद्धा शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की मुंबई-आग्रा रस्त्यावर पांडवलेण्यांच्या, म्हणजेच त्रिरश्मी लेण्यांच्या, पायथ्याशी सहलीच्या बसगाड्या लागायला सुरुवात होते. पुढचा क्रम ठरलेला असतो. फाळके स्मारक, डबे, बुद्ध विहार, मग पायऱ्या चढून वर पाऊण तास. त्या पाऊण तासात मुलांना एकच गोष्ट सांगितली जाते: वनवासात असताना पांडवांनी ही लेणी एका रात्रीत कोरली, कोंबडा आरवला आणि काही तशीच अर्धवट राहिली. महाराष्ट्रात कडा दिसला आणि त्यात खोली दिसली की पांडव आठवतात. त्यात कुणाचा दोष नाही. ब्राह्मी लिपी वाचता येणं बंद झालं, लेणी कुणाची हे सांगणारं कुणी उरलं नाही आणि ती मोकळी जागा लोकांनी ओळखीच्या कथेनं भरून काढली. पण ती अक्षरं पुन्हा वाचता यायला लागून दीडशेहून अधिक वर्षं झाली. तरीही मुलं त्यांच्याखालून मान वर न करता निघून जातात, याचं वाईट वाटतं.

विनंती एवढीच की पुढच्या सहलीत वर तीन तास ठेवा आणि त्यातला निम्मा वेळ भिंतींवरच्या लेखांना द्या. ते कसं जमवायचं, काय बघायचं आणि कुठे फसायला होतं, ते खाली सविस्तर लिहीत आहोत.

आधी क्रमांकांबद्दल. इथे २४ लेण्यांना क्रमांक आहेत आणि ते जागेच्या क्रमानं दिलेले आहेत. वयाशी त्यांचा काही संबंध नाही. ‘एक नंबरचं लेणं सगळ्यांत जुनं’ असं मुलं गृहीत धरतात, बरेचदा मोठेही. सगळ्यांत जुनं आहे १९ क्रमांकाचं. म्हणून मुलांना समोर दिसेल त्या मोठ्या लेण्यात घुसू न देता आधी १९ मध्ये न्या. ते लहान आहे. आतला चौक जेमतेम चौदा फुटांचा, तीन बाजूंना दोन-दोन अशा सहा कोठड्या. एका वेळी दहा मुलं पुरे, बाकीच्यांना बाहेर थांबवा. ओसरीतल्या उजव्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर हा लेख आहे: ‘सादवाहनकुले कन्हे राजिनि नासिककेन समणेन महामातेण लेण कारित’. सातवाहन कुळातला कन्ह राजा असताना नाशिकच्या, श्रमणांचं (भिक्खूंचं) काम पाहणाऱ्या महामात्रानं, म्हणजे मोठ्या अधिकाऱ्यानं, हे लेणं करवलं, असा त्याचा अर्थ. काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. ‘नाशिक’ या नावाच्या शूर्पणखेचं नाक आणि नऊ शिखरं या दोन्ही व्युत्पत्ती मुलांना माहीत असतात. त्यांना सांगा की नाव कशावरून पडलं यावर वाद घालायला हरकत नाही, पण ते निदान दोन हजार वर्षं जुनं आहे याला हा दगड साक्षीदार आहे. शिवाय त्या ओळीत ‘लेण’ हा शब्द आहे. आपण आजही तोच वापरतो.

हा शब्द मुलांना स्वतः वाचायला लावता येतो, त्यासाठी आदल्या दिवशी फळ्यावर दहा मिनिटं पुरतात. ब्राह्मीत ‘ल’ मासे धरायच्या गळासारखा असतो. सरळ दांडा, खाली डावीकडे वळून वर आलेला आकडा. त्याच्या डोक्याला डावीकडे छोटी आडवी रेघ दिली की ‘ले’. ‘ण’ म्हणजे उभी रेघ आणि तिला वरखाली दोन आडव्या पट्ट्या. ‘न’ला फक्त खालची पट्टी. ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा, पण या काळात त्याचा दांडा खाली लांबून वळायला लागतो. लेखांचा पहिला शब्द बहुधा ‘सिधं’ असतो, म्हणजे सिद्धम्. प्राकृत लेखांत जोडाक्षरं जवळपास नसतात, त्यामुळे सातवीआठवीच्या मुलांना अक्षरं सुटी सुटी ओळखता येतात. सगळा लेख वाचून होत नाही, पण ‘लेण’ सापडल्यावर मुलांच्या तोंडून जो आवाज निघतो तो पांडवांच्या गोष्टीला कधी ऐकू येत नाही.

प्रकाशाचं नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं इथेच बिनसतं. लेण्यांची तोंडं साधारण उत्तरेकडे आहेत. भिक्खूंना गारवा मिळावा म्हणून ही बाजू सोयीची, पण त्यामुळे हिवाळ्यात आत थेट ऊन येत नाही. त्यात मुख्य लेख ओसरीच्या मागच्या भिंतीवर अगदी छताखाली आहेत. टॉर्च समोरून मारला तर अक्षरांची खोली नाहीशी होते आणि भिंत सपाट दिसते. टॉर्च भिंतीजवळ, एका बाजूनं, भिंतीला जवळपास समांतर धरायचा. सावली कोरलेल्या रेघेत पडते आणि अक्षर उठून येतं. मोबाइलचा टॉर्च एकाच्या हातात बाजूला आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात समोर, अशी जोडी करा. छताजवळचं दिसायला दुर्बीण असेल तर उत्तम. एपिग्राफिया इंडिका या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात एमिल सेनार यांनी नाशिकच्या लेखांचे ठसे छापलेले आहेत. त्यांचे फोटो मोबाइलवर ठेवलेत तर भिंत आणि ठसा शेजारी शेजारी लावून पाहता येतं. अक्षरं ‘उठवायला’ खडू, पाणी, पीठ, कोळसा काहीही लावायचं नाही. खडूची भुकटी खाचेत बसून राहते. मग पुढच्या वाचणाऱ्याला कारागिराची रेघ कुठली आणि खडूवाल्याची कुठली हे कळत नाही. बोटानंही गिरवू देऊ नका. चाळीस बोटांचा घाम रोज दगडाला लागला तर तो झिजतोच. आणि हे संरक्षित स्मारक आहे, तेव्हा तो कायद्याचाही प्रश्न आहे.

१९ च्या जवळच १८, म्हणजे चैत्यगृह, पूजेचं लेणं. इथे मुलं हमखास विचारतात, ‘देव कुठाय?’ आत फक्त स्तूप आहे. सुरुवातीच्या काळात इथे बुद्धाची मूर्ती करत नसत, पूजा स्तूपाची. मूर्ती पुढे कित्येक शतकांनी आल्या, त्या २, २०, २३ अशा लेण्यांत पाहायला मिळतात. दर्शनी भाग बाहेरून नीट पाहायला सांगा. पिंपळपानी कमान, तिच्यातल्या तुळयांची टोकं, कठड्याची नक्षी, हे सगळं लाकडी बांधकामाचं आहे आणि दगडात उतरवलेलं आहे. तुळईचं टोक दगडाला कशाला हवं, हा प्रश्न मुलांना सोडवायला द्या. दारावरच्या कमानीखाली धंभिक गावाच्या दानाचा लेख आहे आणि त्यातही नाशिककरांचा उल्लेख आहे. म्हणजे हा दर्शनी भाग एका गावानं वर्गणी काढून केला! आतल्या खांबांवर भटपालिका या बाईचा लेख उभा कोरलेला आहे. राजाच्या अधिकाऱ्याची मुलगी, भांडागारिकाची, म्हणजे खजिन्याच्या अधिकाऱ्याची, बायको. चैत्यगृह पूर्णत्वाला तिनं नेलं. या डोंगराला लेखांत तिरण्हु म्हटलं आहे. त्याचंच संस्कृत रूप त्रिरश्मी.

आता १० क्रमांक. इथे थांबायचा वेळ दुप्पट ठेवा, आणि इथेच गणिताच्या शिक्षकांना पुढे करा.

हे लेणं क्षहरात घराण्यातला क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपान याचा जावई, दीनिकाचा मुलगा उषवदात यानं करवलं. ओसरीच्या मागच्या भिंतीवर लांबच लांब ओळींत त्याचा मुख्य लेख आहे. हा लेख संस्कृतमिश्रित, त्यामुळे इथे जोडाक्षरं भेटतात आणि १९ मध्ये पटपट वाचणारी मुलं अडखळतात. ती अडखळली की तिथेच फरक सांगून टाका. लेखात उषवदातानं केलेल्या दानांची यादी आहे: तीन लाख गाई, सोळा गावं, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा, विहिरी, तळी, बागा, बत्तीस हजार नारळाची झाडं. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्यानं फुकट नावा ठेवल्या. सुरगाणा-पेठकडची मुलं असतील तर इथे त्यांना बोलतं करा. पार आणि दमणगंगा आपल्याच जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम पावतात. एक इशारा: याच लेखात प्रभास तीर्थावर ब्राह्मणांना ‘आठ भार्या’ दिल्याचं वाक्य आहे. नववीदहावीचा वर्ग असेल तर हसू फुटणार. त्यांच्या लग्नांचा खर्च केला असा त्याचा अर्थ घेतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

ब्राह्मणांना दान देणारा हा माणूस त्याच दमात बौद्ध भिक्खूंसाठी लेणं खोदतो, पाण्याची टाकी करतो. टाक्यांना लेखात ‘पोढी’ म्हटलंय. आजच्या तावातावानं त्या काळाकडे बघणाऱ्यांना हे जरा अवघड जातं. मुलांना अजिबात जात नाही.

पण खरा ऐवज आहे तो वर्ष ४२ च्या लेखात. त्या वर्षीच्या वैशाखात उषवदातानं हे लेणं संघाला दिलं आणि ३००० कहापणांची (कहापण म्हणजे कार्षापण, त्या काळचं नाणं) ‘अखयनिवि’ ठेवली. अक्षय नीवी, म्हणजे कधीच न मोडायची ठेव. पैसे संघाच्या हातात दिले नाहीत. गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवले. एका श्रेणीकडे २०००, शेकडा दरमहा एक या दरानं. दुसरीकडे १०००, शेकडा दरमहा पाऊण. लेख बजावतो, ‘अपडिदातवा वधिभोजा’: मुद्दल परत करायची नाही, फक्त वाढ खायची. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्याचा मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कहापण द्यायचे, दुसऱ्या ठेवीचं व्याज ‘कुशण’ नावाच्या इतर खर्चाला.

हे फळ्यावर न मांडता लेण्याच्या अंगणात बसून तोंडी करून घ्या. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, तेही दोनशे चाळीस. एक कहापण इकडेतिकडे नाही. दुसरी ठेव: हजारावर पाऊण टक्का म्हणजे महिन्याला साडेसात, वर्षाला नव्वद. वेगळ्या व्याजदराचं सरळव्याजाचं उदाहरण, उत्तरासकट, दोन हजार वर्षांपूर्वीचं. गणिताच्या पुस्तकातल्या ‘रमेशने बँकेत’पेक्षा बरं.

आणि मराठीच्या शिक्षकांनी इथे गप्प बसू नये. ‘पाऊण’साठी लेखात शब्द आहे ‘पायून’. ‘वीस’साठी ‘वीसाय’. बारा कहापणांच्या चीवराला ‘बारसक’. व्याजाला ‘वधि’, आपल्या वाढीदिढीतली वाढी. शेजारी कोठड्यांच्या दारांवर उषवदाताची बायको, नहपानाची मुलगी दखमिता हिच्या दानाचे लेख आहेत. तिनं दिलेल्या खोलीला म्हटलंय ‘ओवरक’. देवळाच्या आवारातली आपली ओवरी हीच. मराठी कुठून आली हा धडा वर्गात कंटाळवाणा होतो. इथे मुलांनी ‘पायून’ ऐकलं की ती स्वतःच म्हणतात, ‘अरे, हे तर पाऊण!’

श्रेणीचं नाव ‘कोलिकनिकाय’ असं आहे. काही वाटाडे त्याचा अर्थ मासेमार कोळी असा सांगतात. कोलिक म्हणजे विणकर. चीवराचा पैसा विणकरांकडे ठेवणं याला व्यवहाराची अक्कलही आहे.

विद्यार्थी जरा मोठे असतील तर अंकांकडे न्या. नाशिकचे ब्राह्मी अंक गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. एक, दोन, तीन म्हणजे आडव्या रेघा. बेचाळीस लिहायचं तर चाळीसचं चिन्ह आणि पुढे दोन रेघा. हजाराचं वेगळं चिन्ह आहे, त्याला चारचं चिन्ह जोडलं की ४०००, सत्तरचं जोडलं की ७००००. हा सत्तर हजारांचा आकडा उषवदाताच्याच हिशेबातला. सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णाला पस्तीस. भागाकार करून बघायला सांगा, बरोबर येतो. व्यवहार पूर्ण कसा झाला तेही लेखात आहे. निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि ‘फलकवारी’, म्हणजे नोंदींच्या दप्तरी चढवला. कागद नसताना नोंदणी कार्यालय होतं, हे ऐकून तालुक्याच्या गावची मुलं गालात हसतात.

याच लेण्याच्या अंगणात आणखी एक लेख आहे, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेनं आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी ठेव ठेवली. कुलरिकांच्या श्रेणीकडे (हे बहुधा कुंभार) हजार, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे दोन हजार, तेल्यांकडे पाचशे. एका गावात विणकर, तेली, यंत्रं करणारे असे ठेवी सांभाळण्याइतके पत असलेले लोक होते, हे या दोन लेखांवरून मुलं स्वतः काढू शकतात. ते गाव, गोवर्धन, गंगापूरजवळचं आजचं गोवर्धन असावं असं मानतात.

आत गेल्यावर मागच्या भिंतीवर लक्ष वेधा. तिथे मुळात उठावात कोरलेला स्तूप होता, तो तासून पुढे कुणीतरी भैरव केला. खालचा जुना आकार शोधणं हा चांगला खेळ आहे. कोठड्या सोळा आहेत, त्याही मोजू द्या.

आणि आता पांडव.

३ क्रमांकाचं लेणं १० सारखंच, तेवढंच भव्य. बाहेरचा कठडा खांद्यावर पेललेले सहा बुटके धष्टपुष्ट गण आहेत, मुलं त्यांच्यासारखी उभी राहून फोटो काढतात, काढू द्या. दाराभोवती सांचीच्या तोरणाची आठवण करून देणारं कोरीव काम आहे. आमच्या मते १० मधले खांब जास्त देखणे, ३ मध्ये तीच कल्पना जरा बसकी झाली आहे. पण ओसरीच्या मागच्या भिंतीवरचा लेख म्हणजे सातवाहनांच्या इतिहासाचा कणा. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिनं हे लेणं भदावनीय पंथाच्या भिक्खूंना दिलं आणि लेखात आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचं वर्णन केलं. ‘तिसमुदतोयपीतवाहन’, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं. ‘खखरातवसनिरवसेसकर’, ज्यानं क्षहरातांचं कुळ निःशेष केलं. आईची सेवा करणारा, अपराधी शत्रूचाही जीव घ्यायची आवड नसलेला. आणि पराक्रमाला उपमा कुणाची? ‘रामकेसवाजुनभीमसेनतुलपरकम’. राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोलाचा.

तेव्हा कुणी मुलगा ‘सर, पांडव कुठे आहेत?’ असं विचारेल, त्याला दटावू नका. इथे आणा आणि वर बोट दाखवा. अर्जुन आणि भीम या लेण्यात आहेतच, एका आईनं मुलाचं कौतुक करताना घेतलेल्या नावांमध्ये. महाभारताच्या कथा तेव्हा लोकांच्या तोंडी होत्या याचाही हा पुरावा. कथा खोटी पाडण्यापेक्षा ती कुठल्या ओळीत बसते ते दाखवलं तर मुलांच्या जास्त लक्षात राहतं.

क्षहरात म्हणजे १० क्रमांकवाल्या उषवदाताच्या सासऱ्याचं घराणं, हे इथे मुद्दाम जोडून द्या, नाहीतर दोन लेणी दोन सुट्या गोष्टी राहतात. जोडणारा पुरावा ३ च्याच ओसरीत बाजूच्या भिंतीवर आहे. गौतमीपुत्रानं आपल्या अठराव्या वर्षी वेजयंतीच्या लष्करी छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला हुकूम धाडला: उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं माप) शेत या डोंगरावरच्या भिक्खूंना द्या. त्यात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. सहा वर्षांनी दुसरा हुकूम, आता अमात्य सामक, आणि सोबत राजमातेचंही नाव. पहिलं शेत कसलं जात नाही, ते गाव ओस पडलंय, म्हणून नगराच्या शिवेवरचं आमच्या खाजगीतलं शंभर निवर्तनं द्या. युद्ध, सत्ताबदल, पडीक जमीन, बदली जमीन. सातबाऱ्याचे फेरफार बघत वाढलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. राजा बदलला, भिक्खू तेच राहिले.

या हारजितीचा आणखी एक पुरावा आपल्याच जिल्ह्यातला. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे. सहलीत घ्यायचं असेल तर आधी चौकशी करून वेळ ठरवा.

एका रात्रीच्या कथेसाठी २० क्रमांक राखून ठेवा. तिथला लेख श्री यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षाचा. बोपकी नावाच्या भिक्खूनं सुरू केलेलं हे लेणं ‘बहुकानि वरिसानि’, पुष्कळ वर्षं, अपुरं पडून होतं. महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिनं ते पुरं केलं. पुढे शतकांनंतर कुणी सभागृह मागे वाढवलं आणि गाभाऱ्यात सुमारे दहा फुटी बुद्धमूर्ती कोरली. अर्धवट राहण्याचं कारण कोंबडा नव्हे, पैसा संपणं, माणूस जाणं किंवा दगडात भेग निघणं. लेणं वरून खाली, छतापासून जमिनीकडे खोदत येतात, त्यामुळे अर्धवट लेण्यात छत गुळगुळीत आणि जमीन ओबडधोबड दिसते. असं एखादं लेणं मुलांना शोधायला लावा.

वेळ उरला तर १७ बघा. ते उत्तरेकडचा, दातामितीचा ‘योणक’, म्हणजे यवन, धंमदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त यानं आईवडिलांच्या सन्मानार्थ केलं. ग्रीक मुळाचा माणूस, नाव अग्नी आणि इंद्राचं, मुलाचं नाव धंमरखित, लेणं बुद्धांच्या पूजेसाठी. ११ मध्ये बऱ्याच नंतरच्या काळातली जैन शिल्पंही आहेत. बाकीची लहान लेणी चालता चालता पाहिली तरी चालतील. ८ मध्ये मुगुदासाचं नाव आहे, त्याला लेखात ‘दासक’ म्हटलंय आणि त्याचा अर्थ मासेमार असा लावतात. म्हणजे राजे, सेनापती आणि कोळी, सगळे एकाच कड्यावर शेजारी. बुद्ध स्वतः इथे येऊन राहिले असं कुणी सांगितलं तर सौम्यपणे दुरुस्त करा. सगळ्यांत जुनं लेणंच त्यांच्यानंतर काही शतकांनी झालेलं आहे.

काम अजून संपलेलं नाही, हेही मुलांना कळू द्या. २०२१ च्या मे महिन्यात पावसाळ्यापूर्वी पाण्याची चर साफ करताना पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्यांना माती-झुडपांमागे आणखी लेणी सापडली. ती चर साफ करणाऱ्यांना दिसली, शोधायला निघालेल्यांना नाही.

आता सोयीचं. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ उत्तम. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण अंगणांचा कातळ शेवाळतो आणि चाळीस मुलं तिथे सांभाळणं अशक्य. बुद्ध पौर्णिमेला वर भाविकांची गर्दी असते, त्या दिवशी अभ्याससहल नको. चढायला वीसएक मिनिटं लागतात, लहान मुलं असतील तर अर्धा तास धरा. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही, पण मोठ्यांचे दर आणि बंद व्हायची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. पिण्याचं पाणी खालून भरून न्या, पोढ्यांतलं पाणी प्यायचं नाही आणि त्यांच्या काठावर बसू द्यायचं नाही. खोली वरून कळत नाही. डबे खाली खा. वर माकडं आली की पिशव्या जातात आणि कागद तिथेच राहतात. लेण्यांच्या वरच्या कड्यावर कुणालाही पाठवू नका, चढायला सोपा वाटतो आणि उतरताना माणूस अडकतो. आग्यामोहोळ दिसलं तर आवाज बंद, अत्तर-स्प्रे बंद, ते लेणं वगळा. कुणी पूजा किंवा ध्यान करत असेल तिथे मुलांना बूट काढून शांत उभं करा. हे आजही तीर्थक्षेत्र आहे.

चाळीस मुलांचे चार गट करा, प्रत्येक गटाला एक टॉर्च, एक मोबाइल आणि एक लेख. एक गट १९, एक १८, एक १०, एक ३, आणि शेवटी २० मध्ये सगळे एकत्र. प्रत्येक गटानं बाकीच्यांना आपला लेख सांगायचा. शिक्षकांनी मध्ये बोलायचं नाही. हेच सगळ्यांत कठीण जातं.

आणि खाली उतरण्याआधी मुलं मोजा. कमी भरली तर १९ मध्ये बघा. तिथल्या कोठड्या अंधाऱ्या आहेत आणि लपायला फार सोयीच्या.

आपले,
लेखांच्या वाचनात रमणारे काही नाशिककर